बळवंतला मारायचं राहिलं

बुधवार, २ एप्रिल

पाडव्यापासून रोजनिशी लिहायची असं ठरवलं होतं. पाडवा रविवारीच होऊन गेला. माझं सगळंच असं, थोडं उशिरा.

निवृत्त झाल्यापासून मी एकच गोष्ट डोक्यात घेऊन फिरतोय. बडोद्याच्या दांडिया बाजारातला बळवंत नावाचा पोरगा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत भरती होतो, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जातो आणि एका टेकडीवर पहाटेच्या हल्ल्यात मरतो. सोळा प्रकरणांची कादंबरी. चौदा झाली. पंधराव्यात हल्ल्याची तयारी, सोळाव्यात मरण, की सुटलो. पण पंधरावं जागचं हलत नाही. आज सकाळभर बसून तीन ओळी झाल्या, त्यातल्या दोन खोडल्या. तिसरी पंख्याने उडालेल्या कागदावर होती, ती कपाटाखाली सापडली. तीही खोडली.

आणि तिकडे संपतरावांनी जाहीर करून टाकलंय की जूनमध्ये, आमच्या साहित्य मंडळाच्या वर्धापनदिनी, प्रकाशन. छापणारे तेच, मंडळाचे अध्यक्ष तेच. त्यांचं काय जातं? लिहायचंय मला.

कामाची पद्धत बसली आहे, एवढंच समाधान. सकाळी मी फुलस्केपवर हाताने लिहायचं. दुपारी अवंती शाळेतून आली की चहा पिऊन ती पानं लॅपटॉपवर टाइप करणार, प्रिंट काढणार. मी लाल पेनने तपासायची. अवंती म्हणजे सून. फतेगंजला शाळेत शिकवते, तरसालीहून रोज स्कूटरवर जाते-येते. सलील, आमचा मुलगा, सैन्यात मेजर आहे. जानेवारीपासून सरहद्दीवर. कुठल्या ते सांगत नाही आणि मी विचारत नाही. तिथे बायकांना नेता येत नाही म्हणून ती आमच्याकडे. रविवारी त्याचा फोन येतो. मेमध्ये दहा दिवसांची रजा मिळणार आहे म्हणाला. तोपर्यंत कादंबरी संपवून त्याच्या हातात द्यायची, असा माझा बेत आहे.

बुधवार, ९ एप्रिल

टाइप केलेलं तेरावं प्रकरण आज परत वाचलं. बळवंतला मी हिवताप आणला होता, चांगला कडक, शुद्ध हरपेपर्यंत. छापील पानावर त्याला 'किंचित कणकण' आली आहे आणि दुसऱ्या दिवशी तो उठून बसून पेज पितोय. पेज कुठून आली? मी लिहिलेली नाही.

अवंतीला विचारलं. म्हणाली, "हो का बाबा? नजरचुकीने झालं असेल."

नजरचुकीने एखादी मात्रा राहील, माणूस बरा कसा होईल? पण सून आहे, फुकट टाइप करते, बोलणार काय. लाल पेनने ताप पुन्हा चढवला.

गुरुवार, १७ एप्रिल

गुरुवारी संपतरावांच्या घरी मंडळ बसतं. सात-आठ डोकी, सगळी साठीपुढची. मी चौदावं प्रकरण वाचलं. त्यात खंदकात बसलेल्या बळवंतला आईचं पार्सल मिळतं. त्यातला चिवडा तो चहाच्या मगात ओततो आणि चमच्याने खातो. ही सवय मला कुठून सुचली कोण जाणे, लिहिता लिहिता आली. लोक खूश झाले. संपतरावांना खोट काढल्याशिवाय करमत नाही. म्हणाले, "अरविंदराव, बडोद्याचा चिवडा ब्रह्मदेशापर्यंत कुरकुरीत राहील का?"

"नाही राहणार, म्हणूनच तो चहात घालतो," मी म्हटलं. त्यांना गप्प बसवल्याचं समाधान क्वचितच मिळतं.

मग एकीने विचारलं, पोरगा जगतो ना शेवटी? मी म्हटलं, तो मेला नाही तर कादंबरीला अर्थ काय उरतो. संपतराव म्हणाले, "मारायचाय तर लवकर मारा. पानं वाढतायत."

निरुपमा, म्हणजे बायको, बरोबर आली होती. घरी आल्यावर कुलूप काढता काढता म्हणाली, "हा आपला सलील आहे."

"काय संबंध? बळवंत शांत, समजूतदार मुलगा आहे. सलील आहे का तसा?"

"चहात चिवडा जगात दुसरं कोण खातं? पांघरुणाबाहेर पाय काढून दुसरं कोण झोपतं?"

"पुष्कळ लोक झोपत असतील. उन्हाळा आहे."

"रोज सकाळी मरणाच्या गोष्टी मोठ्याने वाचता घरात. वास्तू तथास्तु म्हणत असते, अहो."

चाळीस वर्षांच्या संसारात मी या बाईला एवढंही शास्त्रीय विचार करायला शिकवू शकलो नाही. मी म्हटलं, ही वास्तू गुजराती बिल्डरने बांधलेली आहे, तिला मराठी कळत नाही. हसली नाही. उद्यापासून मनात वाचीन म्हणतो, पण ते घशासाठी. घसा बसलाय.

गुरुवार, २४ एप्रिल

परवा काश्मीरमध्ये पर्यटकांवर गोळीबार झाला. तेव्हापासून टीव्ही बंद होत नाही. बंद केला की निरुपमा लावते, तिने बंद केला की मी लावतो.

काल सलीलचा फोन आला, रविवार नसताना. "बाबा, मेमधलं जमणार नाही. रजा सगळ्यांच्याच रद्द झाल्यात. चालेल ना?" मी चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार. मग तो अवंतीशी बोलला, ती बाल्कनीत गेली. मी आत येऊन उगाच पंख्याच्या रेग्युलेटरशी खटपट केली.

मंडळाला गेलो नाही. आज मात्र कमाल झाली. पंधरावं तसंच ठेवून थेट सोळाव्याला हात घातला आणि एका बैठकीत बळवंतचं मरण लिहून काढलं. चार फुलस्केप. टेकडी, धुकं, गोळी, गवतावर पडलेला बळवंत, दांडिया बाजारात त्याच वेळी दळण घेऊन निघालेली त्याची आई. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं. लिहिताना मला इतका राग आला होता की निब वाकली. राग कुणाचा होता ते सांगता येत नाही. वाकडी निब बदलायला हवी.

पानं अवंतीच्या टेबलावर ठेवली.

शनिवार, २६ एप्रिल

हद्द झाली.

छापील पान आलं. गोळी बळवंतच्या खांद्याला 'चाटून' गेली आहे. स्ट्रेचर आलं आहे. डॉक्टर म्हणतोय, थोडक्यात वाचलास. गावी जाशील आता, रजा मिळेल. रजा! मी तिला सरळच विचारलं, ही कुणाची कादंबरी आहे?

आज नजरचूक वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "बाबा, तुमचं सगळं टाइप करीन. हे नाही करणार."

"का पण? गोष्ट आहे ती."

"तुम्ही सरसर लिहून मोकळे होता. मला एकेक अक्षर बोटाने दाबावं लागतं. 'तो पडला' असं तुम्ही तीनदा लिहिलंय. तिसऱ्यांदा दाबायला नाही जमलं."

मी म्हटलं, लेखकाच्या मजकुरात हात घालणं हा गुन्हा आहे. ती म्हणाली, मग दुसरीकडे करून घ्या. स्वयंपाकघरातून निरुपमा बाहेर आली आणि मला वाटलं, आता सुनेला दोन शब्द सुनावेल. तर मलाच म्हणाली, "भाजीला जाऊन या."

गेलो. भर दुपारी, त्या उन्हात. एकही भाजीवाला नव्हता.

बुधवार, ३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. आमरस केला होता, पुऱ्या केल्या होत्या. तिघंही जेवलो म्हणायला जेवलो. रस उरला. आमच्या घरात रस उरल्याचं मला आठवत नाही. सलील पाच वाट्या खातो, आणि शेवटची उभ्यानेच.

दुपारी चार फुलस्केप घेऊन दांडिया बाजारात गेलो. तिथे हार्दिकभाईंचं टायपिंगचं दुकान आहे. माझ्याच वयाचे गृहस्थ, मराठी टायपिंग करणारे. आमच्या लोकांच्या लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं तेच करतात. म्हटलं, इथे कोणी भावनेच्या भरात माझी गोळी अडवणार नाही.

त्यांनी चष्मा लावला, वरचं पान चाळलं. मग चष्मा काढला आणि खुर्चीवरून उठले. टेबलामागून माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "अरविंदभाई, कोण ऑफ थई गया?"

इकडे माणूस मरत नाही, 'ऑफ' होतो. मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं. ते वर्तमानपत्रात द्यायच्या श्रद्धांजल्याही टाइप करतात. पलटणीतला मुलगा, दांडिया बाजारातलं घर, आई, वीरमरण. त्यांना वाटलं तेच असणार.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "फोटो लाव्या छो? युनिफॉर्ममां होय तो सारो."

मी पानं त्यांच्या हातातून ओढून घेतली. जरा जोरातच ओढली असावीत, एकाचा कोपरा फाटला. म्हटलं, गोष्ट आहे, गोष्ट. लिहिलीय मी. बिचारे "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले, मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. पाणी प्यायलो. ग्लास खाली ठेवताना सांडला.

टाइप न करताच परत आलो. तसाही त्यांचा फॉन्ट बरोबर नाही, जोडाक्षरं तुटतात. घरी विचारलं तर तेच सांगितलं. पानं कपाटात शर्टांच्या खाली ठेवली आहेत.

बुधवार, ७ मे

पहाटे आपल्या विमानांनी पलीकडे हल्ले केले. सकाळी सगळ्यांना कळलं. अवंतीला शाळेची सुट्टी लागली आहे, पण ती कसलंसं निमित्त काढून फतेगंजला जाऊन आली. लष्करी वस्तीपाशी गाड्यांची ये-जा बघत उभी राहिली असणार. मी विचारलं नाही. सलीलचा फोन लागत नाही. लागणार नाही हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. तरी लावला.

संध्याकाळी सरकारने अंधाराचा सराव ठेवला होता. भोंगा वाजला की सगळ्या गावाने दिवे घालवायचे. शेजारच्या कोमलबेन जिन्यातून ओरडत गेल्या, "अरविंदअंकल, तमारी बाल्कनीनी लाइट बंद करो ने." केली. माझ्या चौदा प्रकरणांत ब्लॅकआउटची तीन वर्णनं आहेत. एकाही ठिकाणी फ्रिजचा आवाज नाही. अंधारात दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने बसलो. बऱ्याच वेळाने निरुपमा म्हणाली, "तुमचा बळवंत आता कुठे आहे?"

मला नवल वाटलं. तीन वर्षांत तिने कादंबरीबद्दल आपणहून काही विचारलेलं नव्हतं. म्हटलं, "टेकडीखाली आहे. पहाटेची वाट बघतोय."

"जेवलाय का?"

"ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे संध्याकाळपासून उपाशीच बसवलाय तुम्ही त्याला."

अवंती अंधारात हसली की रडली, कळलं नाही. दोन्हीचा आवाज सारखाच आला. मग दिवे आले आणि निरुपमा कुकर लावायला गेली.

गुरुवार, ८ मे

सकाळी पंधरावं प्रकरण उघडलं. हल्ल्याची तयारी लिहायची होती: नकाशा, तुकड्यांची जागा, तोफांचं वेळापत्रक. त्याऐवजी पूर्ण पान खिचडीवर गेलं. खिचडी शिजते, बळवंत दोनदा वाढून घेतो, मग चहा, मग चिवड्याची पुडी उरली होती ती चहात. युद्धाच्या कादंबरीत हे कोण वाचणार? फाडायला घेतलं. तर निरुपमा मागे उभी राहून वाचत होती. "लोणचं नव्हतं का?" म्हणाली. लोणचं घातलं.

दुपारी संपतरावांचा फोन. "अरविंदराव, हीच वेळ आहे. लोकांच्या डोक्यात आत्ता युद्धच आहे. शेवटचं प्रकरण चार दिवसांत द्या, जूनची वाटही बघायला नको."

मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. मंडळात मी मवाळ माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांनाही सलील माहीत आहे. त्याच्या बारशाला आले होते, मुंजीला आले होते. लक्षात आलं नसेल त्यांच्या. येऊ नये? फोन ठेवताना ते "अहो, अहो" म्हणत होते.

शुक्रवार, ९ मे

फोन नाही.

टाकीचा नळ गळत होता, दुरुस्त केला. मग न गळणाराही उघडून बघितला, तो आता गळतोय.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते. देव्हाऱ्यासमोर मी गेल्या कित्येक वर्षांत बसलेलो नाही, आजही बसलो नाही. पण कपाटातली ती चार पानं मला घरात नकोशी झाली आहेत, आणि बाहेर टाकायचीही हिंमत होत नाही. आणि हा माणूस निरुपमाला शास्त्रीय विचार शिकवणार होता.

शनिवार, १० मे

संध्याकाळी टीव्हीवर युद्धबंदी. कोमलबेन पेढे घेऊन आल्या. पेढा हातात होता तेवढ्यात तोच माणूस टीव्हीवर सांगायला लागला की पुन्हा आवाज ऐकू येतायत. एकदा बंद म्हणता, एकदा चालू म्हणता, तुमच्या घरचं कोणी आहे का तिकडे? मी टीव्हीला विचारलं. अवंतीने येऊन टीव्हीची पिनच काढून टाकली.

सलीलचा फोन नाही. पेढे फ्रिजमध्ये ठेवले आहेत.

सोमवार, १२ मे

आला.

मी दाढी करत होतो. अवंतीने "हॅलो" म्हटलं आणि पुढे काही बोललीच नाही, त्यावरून कळलं. नुसती मान हलवत उभी होती, जसं काही तो बघू शकत होता. मग निरुपमाने घेतला. तिने पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचाच. अर्ध्या तोंडाला साबण लावलेला मी मध्ये उभा, आणि माझा नंबर येता येईना.

मला म्हणाला, "बाबा, ठीक आहे सगळं. झोप झाली नाही इतकंच." आवाज बसलेला होता. मग म्हणाला, "चौदावं प्रकरण अवंतीने मार्चमध्येच पाठवलं होतं मला. चहातला चिवडा मी इथे वाचून दाखवला. सगळ्यांनी ओळखलं."

"काय ओळखलं?"

"बाबा, उगाच काय. माझी नक्कल केलीत तुम्ही. पुढे मला मारणार आहात असं कळलं. मारा, मला काही वाटणार नाही. गोष्ट आहे."

मी म्हटलं, "प्रकरण जरा अडलंय. संदर्भ मिळत नाहीत." तो हसला आणि फोन कापला गेला. त्याने कापला की लाइन गेली, माहीत नाही.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि चांगला रडलो. बाहेर आल्यावर निरुपमा म्हणाली, "दाढी अर्धीच राहिलीय." मग पेढे बाहेर काढले.

गुरुवार, १५ मे

मंडळात सांगून आलो की कादंबरी सोडली. कारणं तयार होती: डोळे, ऊन, त्या टेकडीचा नीट नकाशा मिळत नाही. संपतरावांनी एकही खोट काढली नाही. फाटकापर्यंत सोडायला आले. चप्पल घालताना म्हणाले, "अर्धी कादंबरी कोण छापतं, अरविंदराव?" मी म्हटलं, नका छापू. ते म्हणाले, "सलील आला की जेवायला घेऊन या."

येताना हार्दिकभाईंच्या दुकानावरून गेलो. त्यांनी आतूनच हात जोडले. मी थांबून सांगितलं, फोन आला होता मुलाचा. त्यांना कोणता मुलगा ते विचारावं लागलं नाही. "बस ने, हाश," म्हणाले, आपण हुश्श म्हणतो तसं.

चार फुलस्केपांचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. असले कागद सोडायला विहीर आता कुठे मिळायची, म्हणून बादलीत भिजवून, लगदा करून कुंडीत घातला. तुळशीच्या नाही, कोरफडीच्या. याला कोणी अंधश्रद्धा म्हणू नये. कागदाचं खत होतं.

शुक्रवार, १६ मे

उरलं होतं ते एकच पान. खिचडी, लोणचं, चहातला चिवडा. पंधरावं प्रकरण तिथेच थांबलंय: टेकडीखाली अंधार आहे, बळवंत चहाचा मग हातात घेऊन बसला आहे. अवंतीला म्हटलं, एवढं टाइप कर, म्हणजे फाइल बंद करू. तिने विचारलं, "पुढे?" पुढे काही नाही, मी म्हटलं. हल्ला पहाटे आहे आणि मी तिथवर जात नाही.

आत्ताच प्रिंट दिली. सवयीने तपासायला बसलो. काना-मात्रा एकदम बरोबर, लोणच्यासकट सगळं जिथल्या तिथे. फक्त शेवटी एक वाक्य जास्त आहे, मी न लिहिलेलं: 'बळवंतने आणखी एक कप मागितला.'

लेखकाच्या मजकुरात हात. किती वेळा सांगितलं या मुलीला. लाल पेन घेतलं, टोपण काढलं, आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. शेवटी टोपण लावून टाकलं. मागितला तर मागितला, पहाट व्हायला अवकाश आहे.